पान पिवळं दिसलं, तर आधी मूळ बघा



आज माझीच एक चूक सांगते. त्या वर्षी आठ दिवस पाऊस उघडला नाही. आमचं सोयाबीन पिवळं पडलं. शेजारी म्हणाले, "युरिया टाका, हिरवं होईल." गटातून उसने पैसे घेऊन मी पिशवी आणली, चिखलातच फेकली. चार दिवस झाले, आठ दिवस झाले, पीक पिवळं ते पिवळंच. शेवटी सासूबाईंनी एक झाड उपटलं. मुळं तपकिरी, मऊ पडलेली आणि कुबट वास. त्या म्हणाल्या, "अगं, ताट वाढलंस खरं, पण जेवणाऱ्याचा श्वासच कोंडलाय!"

झाड जेवतं कसं, ते आता समजून घेऊ. जाड मुळं झाडाला धरून ठेवतात. पाणी मुख्यतः ओढतात ती कोवळी, पांढरी टोकं. टोकाच्या जरा मागे केसांहून बारीक तंतू असतात, त्यांना मूळरोम म्हणतात. मातीच्या कणांत शिरून ते पाणी घेतात. नत्र, स्फुरद, पालाश ही अन्नद्रव्यं पाण्यात विरघळली तरच मुळात जातात. म्हणून कोरड्या मातीवरचं खत नुसतं पडून राहतं.

पाणी वर कसं चढतं? पानांवर बारीक छिद्रं असतात. उन्हात त्यातून वाफ बाहेर पडते आणि तिच्या ओढीनं खालचं पाणी वर येतं. झाड जेवढं पाणी पितं, त्यातलं बहुतेक असंच उडून जातं.

पण अन्नद्रव्यं आत घ्यायला मुळाला ताकद लागते आणि ताकदीसाठी हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळीत ती असते. शेतात पाणी साचलं की हवा बाहेर ढकलली जाते, मूळ गुदमरतं. पाण्यात उभं असूनही झाड कधी कधी सुकल्यासारखं दिसतं ते यामुळेच. वर टाकलेलं नत्र काही पाण्याबरोबर वाहून जातं, काही खाली झिरपतं, काही हवेत उडतं. माझी पिशवी अशीच गेली.

आपल्या जुन्या माणसांनी यासाठी एक नेमका शब्द दिलाय, वाफसा. मातीत ओलही आहे आणि हवाही आहे, अशी वेळ. पीक नीट जेवतं ते वाफशावर. ओळखायचा कसा? चार बोटं खालची माती मुठीत दाबा. गोळा झाला, पण हाताला चिखल लागला नाही आणि खाली टाकल्यावर गोळा फुटला, की वाफसा आला.

सोयाबीनची आणखी एक गंमत. त्याच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र पिकाला देतात. गाठ नखानं फोडा. आत गुलाबी, लालसर दिसली तर काम चालू आहे. हिरवट किंवा तपकिरी असेल तर बंद पडलंय. या जिवाणूंनाही हवा लागतेच.

पिवळेपणाही वाचता येतो. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, तर लोह कमी. चुनखडीच्या जमिनीत पावसाची ओल फार झाली की हे हमखास दिसतं. तिथं युरियाचा उपयोग नाही.

मग करायचं काय? आधी चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा. वाफसा आला की कोळपणी करा, म्हणजे मातीत हवा खेळेल. पुष्कळदा पीक त्यानंतर आपोआप हिरवं होतं. नाहीच झालं, तर पान आणि मूळ दोन्ही घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे जा आणि काय फवारायचं ते विचारा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या शेतातलं एक झाड मुळासकट, माती न झटकता आणा. पाण्याच्या बादलीत हलकेच धुवा, गाठी फोडून बघा, एकमेकींना दाखवा. खताच्या पिशवीचे पैसे काढायचे की नाही, ते त्यानंतर ठरवा.