वर्णद्वेष आणि क्रीडाबहिष्कार : दक्षिण आफ्रिका

निर्णय : वर्णभेदाचे धोरण सोडण्यास नकार दिल्यामुळे दक्षिण आफ्रिकेला १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचे निमंत्रण नाकारण्यात आले आणि १९७० साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्या देशाची सभासदत्वातून हकालपट्टी केली.

खेळाडूंचा निषेध : ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट दौऱ्यासाठी दोन गौरेतर खेळाडू निवडण्यास सरकारने मनाई केली, तेव्हा ३ एप्रिल १९७१ रोजी केपटाउनच्या न्यूलँड्स मैदानावर गोलंदाज प्रॉक्टरने एकच चेंडू टाकावा, फलंदाज बॅरी रिचर्ड्सने त्यावर एक धाव घ्यावी आणि लगोलग सर्वांनी मैदान सोडावे, असा अपूर्व प्रसंग घडला; तथापि जो शासनाच्या विरोधात उभा राहिला त्या रिचर्ड्सची कसोटी कारकीर्दही बहिष्कारामुळे चार सामने व ५०८ धावा यांवरच कायमची थांबली.

भारताचा त्याग : १९७४ च्या टेनिसमधील डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचूनही, भारत सरकारच्या धोरणानुसार, अमृतराज बंधूंचा संघ दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळला नाही आणि चषक प्रतिपक्षास न खेळताच मिळाला.

पुनरागमन : क्रिकेटमध्ये १० नोव्हेंबर १९९१ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर, भारताविरुद्ध; ऑलिंपिकमध्ये १९९२ साली, बार्सिलोना येथे.

तारतम्य : दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत अन्याय केवळ सरकारदरबारी नव्हता, तर संघाच्या निवडीतच मुरलेला होता, म्हणून ज्या देशाचे शासन युद्धखोर असले तरी संघाचे दार सर्व नागरिकांना खुले आहे, त्याच्या खेळाडूंना बहिष्काराचा हाच दंडक सरसकट लावण्यापूर्वी हा भेद विचारात घेणे अगत्याचे ठरते.