चंदीगड : थांबून पाहावे असे शहर

सिमला-मनालीच्या सहलीला निघालेला मराठी प्रवासी चंदीगडला बहुधा गाडी बदलण्यापुरताच थांबतो. वास्तविक दोन दिवस सवडीने राहून पाहावे असे हे शहर आहे.

१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातील पंजाब राजधानीला पारखा झाला. शिवालिकच्या पायथ्याशी नवी राजधानी उभारण्याचे काम १९५१ मध्ये वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्याकडे आले. त्यांनी रचलेला सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय यांचा 'कॅपिटॉल' परिसर २०१६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तेथे मार्गदर्शकासह जावे लागते. ओळखपत्र जवळ असावे. वाऱ्याच्या झोताबरोबर फिरणारा 'उघडा हात' येथेच आहे. सेक्टर १० मधील संग्रहालयात फाळणीच्या वाटणीत लाहोरच्या संग्रहालयाकडून आलेली गांधार शिल्पे आहेत. घाईच्या सहलीत नेमकी तीच राहून जातात.

अर्धा दिवस मात्र रॉक गार्डनसाठी राखून ठेवावा. नेकचंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यातील रस्ते निरीक्षक. फाळणीत त्यांचे गाव पाकिस्तानात गेले. नव्या शहरासाठी येथील कित्येक गावे उठविण्यात आली होती. त्या गावांचा राडारोडा, फुटक्या कपबश्या, बांगड्यांचे तुकडे त्यांनी सायकलवरून वाहून आणले आणि १९५७ पासून सरकारी राखीव जंगलात गुपचूप मूर्ती घडविल्या. सुमारे अठरा वर्षांनी हा प्रकार उघडकीस आला. नियमाने पाहता ते अतिक्रमणच होते! परंतु प्रशासनाने ते पाडले नाही. १९७६ मध्ये ते जनतेसाठी खुले केले, नेकचंद यांना त्याच कामावर नेमले आणि मदतीला मजूर दिले. आज अरुंद वाटा, धबधबे आणि बांगड्यांनी मढविलेल्या मूर्तींच्या रांगा पाहताना त्या मोडलेल्या संसारांची आठवण होते. नेकचंद २०१५ मध्ये निवर्तले. मार्च २०२५ मध्ये रस्ता व वाहनतळाच्या कामासाठी बागेच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला, तेव्हा नागरिक निषेधासाठी एकत्र आले.

बागेपासून सुखना तलाव चालत जाण्याइतका जवळ आहे. १९५८ मध्ये ओढ्यावर बांध घालून तो निर्माण करण्यात आला. कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिअर जानरे यांनी या शहरासाठी दीड दशक येथे वास्तव्य केले. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थी याच तलावात विसर्जित करण्यात आल्या. सायंकाळी तलावाच्या काठावर फिरणाऱ्यांची गर्दी असते आणि समोर शिवालिकच्या टेकड्या दिसतात.

ऑक्टोबर ते मार्च हा काळ सोयीचा. मात्र डिसेंबर-जानेवारीतील दाट धुक्यामुळे गाड्यांना विलंब होतो, हे ध्यानात घेऊनच परतीचे आरक्षण करावे.