मेणबत्ती किती वेळ जळावी? सर्व्हायव्हल गेममधला उजेड आणि देवगिरीची अंधारी

(छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)

आजचा विषय ऐकायला फार लहान आहे. तुम्ही एक सर्व्हायव्हल गेम करताय. म्हणजे खेळाडूनं लाकूड तोडायचं, दगड फोडायचा, भूक भागवायची आणि रात्र काढायची. त्यात तुम्हाला मेणबत्ती घालायची आहे. खेळाडूनं सामान गोळा करावं, मेणबत्ती बनवावी, पेटवावी, आणि उजेड पडावा. बस, एवढंच.

कागदावर हे अर्ध्या दिवसाचं काम दिसतं. एक चित्र काढा, एक रेसिपी लिहा, एक दिवा जोडा, झालं. पण सर्व्हायव्हल गेममध्ये उजेडाची नवी वस्तू आणली की अंधाराची किंमत बदलते. अंधार स्वस्तात हटत असेल तर गुहा, रात्र, तळघर, भुयार यांतलं काहीच खेळाडूला भीती घालत नाही. म्हणून मेणबत्ती दिसते कशी हे आपण नंतर बघू. ती किती वेळ जळते, ती मिळवायला किती कष्ट पडतात आणि तिचं नेमकं काम काय, हे आधी ठरवायचं.

उदाहरणाला परदेशी किल्ला कशाला? आपल्या शहरापासून पंधराएक किलोमीटरवर देवगिरी आहे, दौलताबादचा किल्ला. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तिथली अंधारी पाहिली असेल. खंदक ओलांडून वर जाताना कातळात कोरलेला, वळणं घेत चढत जाणारा काळोखा मार्ग लागतो. मध्ये पायऱ्या, आडवळणं, वटवाघळं. बाहेर टळटळीत दुपार असली तरी आत स्वतःचा हात दिसत नाही.

हा मार्ग बांधणाऱ्यांनी अंधाराचा हत्यारासारखा उपयोग केला. शत्रू आत शिरला की त्याला पाऊल कुठे टाकायचं ते कळत नाही. मशाल पेटवली तर वाट दिसते, पण तोही वरच्या पहारेकऱ्यांना दिसतो. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण आणि त्यावर विस्तव पेटवण्याची सोय, म्हणजे धूर आणि उष्णतेनं मार्गच बंद. गेम करणाऱ्यानं यातून एक गोष्ट उचलावी. उजेड फुकट नसतो. तो दाखवतो तसा दाखवूनही देतो.

आता दोन प्रसिद्ध गेममध्ये उजेड कसा ठेवलाय ते पाहू. माइनक्राफ्टमध्ये एक काठी आणि एक कोळसा यांतून चार मशाली होतात. मशालीचा उजेड १४ पातळीचा, आणि ती कधीही विझत नाही. एकदा भिंतीला लावली की जन्मभर. जून २०२१ मध्ये, १.१७ या आवृत्तीत, त्यात मेणबत्ती आली. एक दोरा आणि मधाच्या पोळ्याचा एक तुकडा अशी रेसिपी. एका मेणबत्तीचा उजेड ३ पातळीचा. एकाच जागी चारपर्यंत ठेवता येतात, मग ६, ९ आणि १२. म्हणजे चार मेणबत्त्या मिळूनही एका मशालीची बरोबरी होत नाही. शिवाय पोळ्याचा तुकडा हवा तर आधी पोळं शोधा, मधमाश्या शांत राहाव्यात म्हणून खाली शेकोटी पेटवा, मग कात्रीनं कापा.

साहजिकच तिथे मेणबत्ती शोभेची झाली. वाढदिवसाच्या केकवर लावा, खोली सजवा. यात काही चूक नाही, त्या गेमला तेच हवं होतं. पण तुम्हाला ती जगण्याचं साधन म्हणून हवी असेल, तर अशी मेणबत्ती कोणी दुसऱ्यांदा बनवणार नाही.

दुसरा गेम डोन्ट स्टार्व्ह, २०१३ सालचा. तिथे पूर्ण अंधारात काही क्षण उभं राहिलात की न दिसणारा हल्ला होतो. मशाल आहे, पण ती जळून संपते. आणि ती हातात धरावी लागते, म्हणजे त्याच हातात कुऱ्हाड धरता येत नाही. दोन्ही गेममध्ये मशालच आहे. एकीत ती भिंतीवरचा खिळा आहे, दुसरीत ती तुमच्या हातातला शेवटचा मिनिट आहे. फरक कशानं पडला? दोन गोष्टींनी: ती संपते, आणि ती हात अडवते.

आता खरी मेणबत्ती समजून घेऊ, कारण आकडे तिथूनच मिळणार आहेत. मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी फक्त मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. आपण दोन मिनिटांत उरकू. ज्योतीच्या उष्णतेनं मेण वितळतं. वितळलेलं मेण वातीतून वर चढतं, जसं टिपकागदात पाणी चढतं. वर गेल्यावर त्याची वाफ होते, आणि जळते ती ही वाफ. म्हणजे मेणबत्ती ही स्वतःचं इंधन स्वतः वितळवून लागेल तेवढंच वर ओढणारी यंत्रणा आहे. साधी मेणबत्ती तासाला साधारण सहा-सात ग्रॅम मेण खाते.

उजेड किती? एका मेणबत्तीची दीप्ती सुमारे एक कँडेला. हे एककच मेणबत्तीवरून आलं. एक मीटरवर तिचा उजेड एक लक्स पडतो. दोन मीटरवर निम्मा नाही, पाव पडतो, कारण उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. तीन मीटरवर नववा हिस्सा. निरभ्र रात्री डोक्यावरच्या पूर्ण चंद्राचा उजेड जेमतेम पाव लक्स असतो. म्हणजे मेणबत्तीपासून दोन मीटर दूर गेलात की तुम्ही पौर्णिमेच्या चांदण्यात उभे आहात. उलट पुस्तक ज्योतीपासून फूटभर अंतरावर धरलं तर अकराएक लक्स मिळतात, आणि वाचता येतं.

माइनक्राफ्टमध्ये उजेड असा पडत नाही. तिथे दर ठोकळ्यामागे एक पातळी उतरते, चौदा, तेरा, बारा. हिशोब सोपा, संगणकाला हलका. पण त्यामुळे ज्योतीजवळचा झगझगीतपणा आणि पलीकडचा काळोख यांतला खरा फरक नाहीसा होतो. मेणबत्तीचा स्वभाव त्या फरकातच आहे. जवळचं नीट दिसतं, लांबचं मुळीच नाही.

इथे मेणबत्तीला काम सापडतं. मशाल चालायला, मेणबत्ती बसायला. भुयारातून जाताना दहा पावलांपुढची पायरी दिसायला हवी, तिथे मेणबत्ती निरुपयोगी, शिवाय वाऱ्याच्या झोताला विझणार. पण बसून नकाशा काढायचा, जखम शिवायची, कुलूप उघडायचं, तर मशाल आडवी येते. एक हात अडकतो, धूर होतो, ठिणग्या पडतात. मेणबत्ती जमिनीवर ठेवली की दोन्ही हात मोकळे.

अजिंठ्याचा विचार करा, शहरापासून शंभर किलोमीटरवर. त्या लेण्यांमध्ये आतल्या भिंतींवर आणि छतांवर बारीक काम आहे. आत उजेड कसा पोहोचवला असेल, दिवे किती आणि परावर्तित सूर्यप्रकाश किती, यावर खूप बोललं जातं. पण काळानं दाखवलेली गोष्ट पक्की आहे: धूर आणि काजळी चित्राची वैरी. लेण्यांतल्या चित्रांना धुरानंही काळवंडवलं आणि नंतर लावलेल्या वार्निशानंही. तेव्हा तुमच्या गेममध्ये भित्तिचित्रं, पोथ्या, कापड अशा वस्तू असतील, तर मशालीनं त्या खराब होऊ द्या आणि मेणाच्या मेणबत्तीनं होऊ देऊ नका. एवढ्या एका नियमानं मेणबत्तीला मशालीपेक्षा वेगळी जागा मिळते, आणि तिचा उजेड वाढवावा लागत नाही.

आता सामान. युरोपातल्या वातावरणाच्या गेममध्ये मेणबत्ती जनावराच्या चरबीची असते. थंड हवेत ते ठीक. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, आणि चरबी चाळिशीच्या आसपास मऊ पडायला लागते. देव्हाऱ्यातली पॅराफिनची मेणबत्तीसुद्धा उन्हाळ्यात वाकलेली तुम्ही पाहिली असेल. मधमाश्यांचं मेण मात्र ६२ ते ६४ अंशांना वितळतं. म्हणून मराठवाड्यातल्या गेममध्ये मेणबत्ती मेणाचीच शोभते, आणि मेण कुठे मिळतं? कडेकपारीला लटकणाऱ्या आग्या मोहोळाच्या पोळ्यात. हे मोहोळ चिडलं की पाठलाग करतं, हे इथल्या कोणालाही सांगावं लागत नाही. म्हणजे मेण मिळवण्याची जोखीम निसर्गानंच आखून दिलीय. वातीला कापूस तर आपल्या शेतातला. रेसिपी तयार: पोळ्यातलं मेण, कापसाची वात, आणि मेण वितळवायला चुलीवर भांडं. वात मेणात बुडवायची, काढायची, थिजू द्यायची, परत बुडवायची.

आता आकडे. समजा तुमच्या गेममधला दिवस माइनक्राफ्टसारखा वीस मिनिटांचा आहे. म्हणजे गेमचा काळ खऱ्या काळाच्या ७२ पट वेगानं धावतो. तीस ग्रॅमची मेणबत्ती तासाला सहा ग्रॅम जळाली तर पाच तास चालते. पाच तास म्हणजे १८,००० सेकंद, भागिले ७२, झाले २५० सेकंद. चार मिनिटांहून थोडं जास्त. आता तुमच्या गेममधली अंधारी मोजा. खेळाडूला ती पार करायला ९० सेकंद लागत असतील, तर जाऊन-येऊन १८०. हाती उरतात ७० सेकंद. त्या सत्तर सेकंदांत कुलूप उघडायचं की भिंतीवरचा मजकूर वाचायचा, हे खेळाडूनं ठरवायचं. गेम इथे सुरू होतो.

दुसरा आकडा कष्टाचा. मेण आणि वात जमवून चार मेणबत्त्या करायला तीन मिनिटं लागली, तर एकीमागे ४५ सेकंद मेहनत आणि २५० सेकंद उजेड. साधारण साडेपाच पट. हे गुणोत्तर पन्नासवर नेलंत तर कोणी अंधाराचा विचारच करणार नाही. एकवर आणलंत तर खेळाडू मेण गोळा करण्यातच म्हातारा होईल. पाच की आठ, हे मात्र गणितानं कळत नाही. चार-पाच जणांना खेळायला बसवा, आणि ते मेणबत्ती कधी विझवतात ते बघा. जो मध्येच फुंकर मारून ती वाचवतो, त्याला तुमचा अंधार कळला.

कोड लिहिणाऱ्यांसाठी तीन सूचना. पहिली: जळणाऱ्या प्रत्येक मेणबत्तीचा एकेक सेकंद मोजत बसू नका. पेटवल्याची वेळ आणि तेव्हा शिल्लक असलेलं आयुष्य, एवढंच लिहून ठेवा. खेळाडू दूर जाऊन परत आला की वजाबाकी करा. नाहीतर तो नकाशाच्या दुसऱ्या टोकाला गेला की मेणबत्ती जळायचीच थांबते, आणि ही चलाखी लोक दोन दिवसांत शोधतात. दुसरी: अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या एकमेकींवर रचता येत नाहीत, आणि पिशवी भरून जाते. त्यावर उपाय म्हणजे पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा चारच अवस्था ठेवा, किंवा उरलेले तुकडे परत वितळवू द्या. घरातही आपण तेच करतो. तिसरी: हलती सावली पाडणारे दिवे संगणकाला जड जातात. जवळच्या दोन-तीन ज्योतींनाच सावली द्या, बाकीच्यांचा नुसता उजेड पुरे.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, आपल्याकडे पणती असताना मेणबत्ती कशाला?

उत्तर: चांगला प्रश्न आहे. दोन्ही ठेवा, फक्त कामं वेगळी द्या. आपल्या उन्हाळ्यात तेलाचा दिवाच सोयीचा, कारण तेल आधीच पातळ आहे, ते वाकत नाही. करडई, तीळ, जवस, जे पिकेल त्याचं तेल. पणतीत पुन्हा तेल घालता येतं, म्हणून ती घरात, तळावर. पण ती घेऊन चालता येत नाही, पिशवीत टाकली तर तेल सांडतं. मेणबत्ती विझवून खिशात टाकता येते. घरात पणती, वाटेवर मशाल, मुक्कामाला मेणबत्ती. तीन दिवे, तीन कामं.

प्रश्न: ऐन भुयारात मेणबत्ती संपली की खेळाडू चिडेल, गेम बंद करेल. त्याचं काय?

उत्तर: संपली म्हणून तो चिडत नाही. न सांगता संपली म्हणून चिडतो. शेवटच्या तीस सेकंदांत ज्योत फडफडू द्या, उजेडाचं वर्तुळ आक्रसू द्या, मेणाचा थर तळाला आलेला दिसू द्या. पडद्यावर आकडा दाखवायची गरज नाही. आणि विझल्यावर लगेच मारून टाकू नका. भिंतीला हात लावून परत येण्याइतकी वाट मोकळी ठेवा. अंधारीतही लोक असेच भिंत चाचपत चालतात. तसा जो बाहेर आला, तो पुढच्या वेळी एक मेणबत्ती जास्त घेऊन जाईल.