बांधावरचं बेट (भाग ६) : कोणता वेळू तोडायचा, कोणता राखायचा

येळवस (वेळ अमावस्या) तोंडावर आली की औसा-निलंग्याकडे रानोरान कडब्याच्या कोपी उभ्या राहतात. पूजा झाली, भज्जी-आंबील झाली की घरातलं कुणीतरी कोयता घेऊन बांधावरच्या बांबूच्या बेटाकडे वळतं. तोडणीचा हंगामही हाच, पावसाळा सरल्यापासून माघापर्यंत. आणि चांगली वाढलेली बेटं बिघडतात तीही याच दिवसांत, कारण हाताला लागतो तो कडेचा वेळू आधी तुटतो.

कडेचा वेळू म्हणजे बेटाची लेकुरवाळी. आपल्याकडचा बांबू जमिनीखाली लांब पळत नाही. त्याचा कंद आखूड, गाठाळ असतो. वेळू त्याच्या टोकाशी उभा राहतो आणि कुशीतल्या डोळ्यातून पुढचा कंद फुटतो, शक्यतो बाहेरच्या अंगाला. म्हणून कोवळे वेळू कडेला आणि जुने मध्ये कोंडलेले असतात. पावसाळ्यात येणारे कोंब मुख्यतः एक-दोन वर्षांच्या वेळूंच्या कंदांवरच फुटतात. तेच तोडले तर पुढच्या मृगानंतर बारीक, काडीसारखे कोंब येतात. कोंब जेवढ्या जाडीचा निघाला तेवढाच तो वेळू कायम राहतो. दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो आणि मग फक्त जून होत जातो. नंतर कितीही खत घातलं तरी त्याची जाडी वाढत नाही.

वय ओळखायला बेटाजवळ बसावं लागतं. यंदाच्या वेळूच्या बुडाशी तपकिरी टरफलं चिकटलेली असतात, अंगावर पांढरी भुकटी असते; बोट फिरवलं की खाली गर्द हिरवा रंग दिसतो. दुसऱ्या वर्षी टरफलं गळतात, फांद्या भरतात. तिसऱ्या वर्षानंतर हिरवा रंग मळतो, गाठींपाशी राखाडी डाग चढतात, आणि कोयत्याचा दांडा मारला की आवाज टणक येतो. तोडायचा तो हा.

तो मध्ये असतो, हीच अडचण. त्यासाठी नवे कोंब ज्या बाजूला नाहीत तिकडून आत वाट काढायची. वरून पाहिलं तर बेट घोड्याच्या नालासारखं दिसलं पाहिजे. जमिनीलगतच्या पहिल्या किंवा दुसऱ्या गाठीच्या अगदी वर घाव घालायचा. गाठीपासून वर नळी उरली की तिच्यात पाणी साचतं आणि कूज खाली उतरते. बुरुडाला मात्र टोपली-दुरडीसाठी कोवळा, चिवट वेळू लागतो. त्याचं म्हणणं रास्त आहे. दाटीतले एक-दोन काढून द्यावेत, सगळी कड नाही.

बांबूला पाणी लागतच नाही, असं सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरकरांना तरी असं अर्धवट सांगू नये. रुजल्यावर बेट ताण सोसतं, पण पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात ठिबक हवंच. काळ्या रानात दोन्हीकडून मार बसतो. पावसाळ्यात बुडाशी पाणी थांबतं, उन्हाळ्यात भेगा पडून तंतुमुळं तुटतात. रोप उंचवट्यावर लावा, गळलेला पाला बुडाशीच राहू द्या. तो पेटवू नका. त्यातली सिलिका बांबूच्याच कामाची आहे. कंद दरवर्षी थोडा वर येतो, म्हणून पावसाळ्याआधी मातीची भर घालायची. मुरमाड माळावर मानवेल बरा. किनवट-माहूरच्या जंगलातला हा भरीव बांबू हलक्या जमिनीत टिकतो.

1927 च्या वन कायद्यानं बांबूला झाड ठरवलं होतं. त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा वेळू तोडून गाडीत घालायलाही परवान्याची कटकट असे. 2017 च्या दुरुस्तीनं वनाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून निघाला. त्यानंतर औसा तालुक्यातल्या लोदग्याहून शेतकरी नेते पाशा पटेलांनी लावलेला बांबूचा धोशा मराठवाडाभर पोचला, रोपवाटिका उभ्या राहिल्या. लावणं वाढलं, तोडणीची शिस्त मात्र कुणी फारशी शिकवत नाही, याची मला काळजी वाटते.

या येळवशीला एक कराच. ऑइलपेंटचा छोटा डबा न्या आणि यंदा उगवलेल्या प्रत्येक वेळूवर छातीएवढ्या उंचीला सालाचे शेवटचे दोन आकडे घाला. आणखी तीन वर्षांनी कोयता कुणाच्याही हाती असो, घरच्या पोराच्या की सालगड्याच्या, त्याला विचारत बसावं लागणार नाही.

पुढच्या आठवड्यात : तोडलेल्या बांबूला घुण का लागते आणि पाण्यात बुडवून ठेवल्यानं नेमकं काय होतं.