मेनफ्रेम संगणक : यंत्र आणि आज्ञावली

खापरखेडा (जि. नागपूर) येथील औष्णिक विद्युत केंद्रात २१० मेगावॅटचे चार व ५०० मेगावॅटचा एक असे पाच संच आहेत. त्यांची एकूण क्षमता काढण्यासाठी २१० ला ४ ने गुणून गुणाकारात ५०० मिळवावे लागतात. उत्तर १३४० येते. हे साधे गणित संगणकाकडून करवून घेण्यास काय लागते, हे पाहिले असता मेनफ्रेमची मूलतत्त्वे ध्यानी येतात.

यंत्राला हे गणित सुट्या आज्ञांच्या रूपात सांगावे लागते : स्मृतीतील अमुक स्थानावरील संख्या घे, दुसऱ्या स्थानावरील संख्येने तिला गुण, तिसऱ्या स्थानावरील संख्या मिळव, फल चौथ्या स्थानी ठेव. या आज्ञाही संख्यारूपानेच स्मृतीत साठविलेल्या असतात. नियंत्रण विभाग त्या क्रमाने उचलतो व अंकगणित विभाग त्या पार पाडतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’च्या स्मृतीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २०४८ शब्द मावत. अशा यंत्राच्या मूळ भाषेत आज्ञावली लिहिणाऱ्यास स्थानांचा हिशेब स्वतःच ठेवावा लागे. त्याच संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. त्यावर फोर्ट्रान भाषेत हेच गणित एका समीकरणात मांडता येई. स्थानांचा हिशेब कंपायलर ही भाषांतर करणारी आज्ञावली ठेवी.

यंत्र महाग आणि वापरणारे अनेक, म्हणून त्याचा क्षणही वाया जाणे परवडणारे नव्हते. कामांची रांग लावणे, स्मृती व उपकरणे यांची वाटणी करणे, एक काम बिघडल्यास ते बाजूस सारून पुढचे हाती घेणे, ही कर्तव्ये ऑपरेटिंग सिस्टिमकडे आली.

१९६४ मध्येच आयबीएमने सिस्टिम ३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. लहानमोठ्या यंत्रांना समान आज्ञासंच देण्याचे तिचे तत्त्व पुढील पिढ्यांतही पाळले गेल्याने आज्ञावलीचे आयुष्य यंत्राहून दीर्घ झाले. त्यामुळे लिहिणारा निवृत्त झाल्यावरही त्याची आज्ञावली चालू राहते आणि तिची जबाबदारी नव्या पिढीवर येते. केवळ वरच्या भाषेचे नियम पाठ केलेल्या विद्यार्थ्यास तिच्यातील दोष शोधणे कठीण जाते. चूक समीकरणात आहे, भाषांतरात आहे की कामाच्या व्यवस्थेत, हा निवाडा करण्यास तिन्ही थरांची ओळख आवश्यक ठरते.