श्वसन व वायुविनिमय, मानवी
वातावरणातील ऑक्सिजन रक्तात घेणे व शरीरात तयार झालेला कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकणे, या क्रियेस बाह्य श्वसन म्हणतात. मध्यपटल (छाती व पोट यांमधील स्नायुमय पडदा) आकुंचन पावून खाली सरकते, बरगड्या वर उचलल्या जातात आणि छातीची पोकळी वाढून हवा आत खेचली जाते. विश्रांत अवस्थेतील उच्छ्वास मात्र फुप्फुसांच्या स्थितिस्थापकतेमुळे आपोआप होतो. प्रौढ व्यक्ती एका श्वासात सु. ५०० मिलि. हवा घेते, त्यांपैकी सु. १५० मिलि. श्वासमार्गातच राहते व विनिमयास निरुपयोगी ठरते.

प्रत्यक्ष विनिमय वायुकोशांत होतो. त्यांची संख्या ३० ते ५० कोटी व एकूण पृष्ठभाग सु. ७० चौ. मी. असतो. वायुकोशातील हवा आणि केशवाहिनीतील (अतिसूक्ष्म रक्तवाहिनीतील) रक्त यांमधील पडदा बहुतेक ठिकाणी १ मायक्रोमीटरपेक्षाही पातळ असतो. वायू त्यातून केवळ आंशिक दाबातील (मिश्रणातील एकेका वायूच्या स्वतंत्र दाबातील) फरकामुळे पार होतात. फुप्फुसात येणाऱ्या रक्तात ऑक्सिजनाचा आंशिक दाब सु. ४० मिमी. पारा, तर वायुकोशात सु. १०० मिमी. असतो. रक्त केशवाहिनीत जेमतेम पाऊण सेकंद असते. परंतु समतोल त्याच्या एकतृतीयांश काळातच साधतो. कार्बन डाय-ऑक्साइडाच्या बाबतीत हा फरक अवघा ५ मिमी. असूनही पुरतो, कारण तो वायू कितीतरी अधिक विद्राव्य आहे.

श्वास रोखल्यावर होणारी तगमग ऑक्सिजन घटल्यामुळे होते, ही समजूत बव्हंशी चुकीची आहे. जॉन स्कॉट हॉल्डेन व जे. जी. प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये दाखविल्याप्रमाणे नेहमीच्या श्वसनाचे नियंत्रण मुख्यतः कार्बन डाय-ऑक्साइड करतो. कार्बन मोनॉक्साइडाची विषबाधा इतकी फसवी का, हे यावरून उमगते. बंद खोलीतील कोळशाची शेगडी किंवा वायुवीजन नसलेल्या न्हाणीघरातील गॅस गीझर यांतून निघणारा हा रंगहीन, गंधहीन वायू हीमोग्लोबिनाशी ऑक्सिजनापेक्षा दोनशेहून अधिक पट आसक्तीने संयोग पावतो. रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनाचा दाब मात्र घटत नाही व कार्बन डाय-ऑक्साइडही साचत नाही. त्यामुळे गुदमरल्याची जाणीव न होताच डोकेदुखी, मळमळ व पुढे बेशुद्धी येते. कोविड-१९ च्या साथीत घरोघरी परिचित झालेले, बोटाला लावावयाचे ऑक्सिमीटरही येथे दिशाभूल करते. या विषारी संयुगाला ते ऑक्सिजनयुक्त हीमोग्लोबिनच समजते. रुग्णास तत्काळ मोकळ्या हवेत नेऊन रुग्णालयात शुद्ध ऑक्सिजन द्यावा लागतो. त्यामुळे रक्तातील विषाचे प्रमाण निम्मे होण्याचा काळ ४-५ तासांवरून सु. दीड तासापर्यंत खाली येतो.