रोड सायकलला डिस्क ब्रेक हवेत का?

रिम ब्रेकमध्ये रबर चाकाच्या धातूच्या किंवा कार्बनच्या कडेवर, म्हणजे रिमवर, दाबले जातात, तर डिस्क ब्रेकमध्ये आसाजवळच्या, साधारणतः 140 किंवा 160 मिलिमीटर व्यासाच्या चकतीला पॅड दोन्ही बाजूंनी आवळतात. पावसात रिम भिजते आणि तिच्यावरचे पाणी पुसले जाईपर्यंत मोलाचा क्षण हातचा जातो. शिवाय लांब उतारावर घर्षणाची उष्णता रिममध्ये साठून ट्यूब फुटण्याचा धोका असतो, तो चकतीमुळे टळतो. यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने 2018 मध्ये रोड शर्यतींत डिस्क ब्रेकना कायम मान्यता दिली. वजन आणि किंमत मात्र वाढते, आणि कोरड्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर केवळ ब्रेकच्या प्रकारावर ठरत नाही. म्हणून सपाट, कोरड्या रस्त्यासाठी रिम ब्रेक पुरेसे आहेत. पावसाळ्यात घाट उतरणाऱ्याने डिस्क ब्रेकच घ्यावेत.